डोह साफ केल्याची गोष्ट

जनावर न बघता ते आहे की नाही, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. मासा पाण्यात राहतो तेव्हा खवल्यांचे, विष्ठेचे, अंगावरच्या चिकट्याचे कण पाण्यात सोडतो. आम्ही ते पाणी गाळतो, गाळणीवर उरलेल्या कणांतला डीएनए तपासतो आणि तिथं कोणाची वस्ती आहे ते सांगतो. भोरला आमच्या घरी याचं कौतुक बेताचंच. आई म्हणते, हंड्याला फडकं लावून आम्ही जन्मभर हेच केलं, आम्हाला कुणी पुण्याला नेलं नाही.

माझी आत्या मार्गासनीच्या पुढच्या एका गावात राहते. उन्हाळ्यात तिथली नदी आटते आणि देवळाखाली एक डोह तेवढा उरतो. त्यातले मासे देवीचे, त्यांना कुणी गळ लावत नाही. आत्या रोज सकाळी त्यांना भाकरीचा चुरा टाकते आणि सुनेला सांगता न येणाऱ्या गोष्टी त्यांना सांगते. मासे सुनेला काही कळवत नाहीत, म्हणून तिचा त्यांच्यावर फार जीव.

वरच्या अंगाला पुणेकरांचे शनिवार-रविवारचे बंगले झाले. त्यांच्या पोहण्याच्या तलावांसाठी या डोहावर मोटार बसवायचं ठरलं. मासे दुर्मिळ महसीर आहेत असं सिद्ध झालं तरच मोटार थांबणार होती. फोटोत नुसत्या काळ्या पाठी दिसतात, तेवढ्यावर मोटारीला मंजुरी देणाऱ्या साहेबांचं समाधान होईना. जाळं टाकू द्यायला गाव तयार नव्हतं. म्हणून आमची गाळणी.

आमच्या सरांनी ग्रामपंचायतीला रीतसर कळवलं, अमुक दिवशी पाण्याची तपासणी. गावाला पाण्याची तपासणी एकच माहीत, आरोग्य खात्याची. पाणी खराब निघालं की गावाला लाल कार्ड, चांगलं निघालं की हिरवं. एकदा लाल कार्ड आलं होतं, तेव्हा शेजारच्या गावांनी त्यांना सोयरिकीत टोमणे मारले होते. तो डाग गाव विसरलं नव्हतं.

आम्ही पोचलो तर घाटाच्या पायऱ्या घासलेल्या, वर रांगोळी. पाण्याचा तळ दिसत होता. ब्लीचिंगचा वास मी लगेच ओळखला. प्रयोगशाळेत टेबलं पुसायला आम्ही तेच वापरतो, कारण त्यापुढं कुणाचाच डीएनए टिकत नाही.

"काल सांच्यालाच टीसीएल पावडर टाकली," पाणीपुरवठ्याचा माणूस म्हणाला. "हिरीत टाकतो त्याच्यापरीस जास्तच. पुण्याची माणसं येनार, म्हनलं कमी नको पडाया."

मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. पण तो शाबासकीची वाट बघत होता आणि मागून सरपंचबाई चहा घेऊन येत होत्या.

आत्या शेवटच्या पायरीवर बसली होती. "आज वर येईनात गं," ती म्हणाली. मग तीच उठून पलीकडच्या खडकाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. मासे खडकाच्या आडोशाला गोळा झाले होते, पांढरी पोटं वर करून.

सर नियमाचे पक्के. त्यांनी पाणी गाळायला लावलंच. अहवालाप्रमाणे त्या डोहात मासा नाही, बेडूक नाही, म्हैस नाही, माणूसही नाही. एवढं सोवळं पाणी आमच्याकडे कधी आलं नव्हतं. मेलेल्या माशाचा कल्ला मात्र मी कापून आणला होता. त्यानं शंकेला जागा ठेवली नाही, मासे महसीरच होते.

मी आत्याला फोन केला. "म्हंजी त्येच व्हते?" तिनं विचारलं.

"व्हय, तेच."

"मग मोटर न्हाई बसायची," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं देवळात साखर वाटली. मेले ते मेले, पण जाता जाता डोह वाचवून गेले, असं ती गावभर सांगत सुटली. पाणीपुरवठ्याच्या माणसालाही तिनं चिमूटभर साखर दिली म्हणे, त्याचं मन मोठं म्हणून नव्हे, तिचं.

साहेबांनी अहवाल नीट वाचला. पुरावा उत्तम आहे म्हणाले. मग विचारलं की आता डोहात कुणी नाही, तर मोटार अडवायची कुणासाठी.

काम दिवाळीनंतर सुरू होणार आहे. आत्याला हे सांगायला मलाच जायचंय. अजून माझा पाय निघत नाही. तिला वाटतं, आपण जिंकलो.