गाण्याखालचं चिंतन

माझं आवडतं रॉक गाणं चुकून सोसायटीच्या भाजीच्या ग्रुपवर गेलं. लॉकडाऊनमध्ये आम्हा पन्नाशीतल्या मित्रांना रोज एक इंग्रजी गाणं आणि त्याखाली आपलं चिंतन टाकायचा रोगच जडला होता. मेथी-कोथिंबिरीच्या मागण्यांमध्ये माझी बंडखोर तरुणाई! गाणं संपायच्या आत तिथेही अंगठे आले, अगदी मित्रांकडून येतात तसेच. ऐकतो कोण? दुधाच्या पिशव्या साबणाने धुणारे आम्ही बंडखोर आपापल्या आठवणींना टाळ्या मागत बसलो होतो. मी तर लिहिलं होतं, 'कॉलेजात असताना मित्राच्या गच्चीवर हे ऐकलं आणि मी आतून हललो.'

बायकोने ते वाचलं. म्हणाली, "हललास? 'बंद करा रे हे केकाटणं' म्हणून खाली निघून गेलास. मी तिथेच गच्चीवर शेवटपर्यंत ऐकत बसले होते. गाणं मला आवडलं होतं."