भूकंपग्रस्त भगिनींच्या वाकळा

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे आमच्याकडं नुसती मांडणीवरची भांडी खडखडली. लातूरकडच्या गावांचं काय झालं ते दुपारपर्यंत कळलं, आणि मग कितीतरी दिवस शाळेत कुणाचंच लक्ष नव्हतं. जो तो काहीतरी गोळा करत होता. ट्रकच्या ट्रक जुने कपडे जात होते. आम्ही काही शिक्षिका पहिल्यांदा तिकडं गेलो, तेव्हा ते कपडे रस्त्याच्या कडेला चिखलात पडलेले दिसले. जरीचे परकर, उसवलेल्या पँटी, लहान मुलांचे वाढदिवसाचे झगे. पत्र्याच्या शेडसमोर बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "लेकी, कापडं लई झाली. थंडी यायलीय. पांघरायला काय हाय का?"

परतीच्या गाडीतच आमचं ठरलं. घरोघरच्या जुन्या साड्या मागायच्या आणि त्यांच्या वाकळा शिवायच्या. गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात. साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घातला की कसलीही थंडी अडते.

साड्या मिळाल्या, शिवणारे हात कमी पडले. म्हणून मी नांदेडच्याच इतवारा या मुस्लिम वस्तीतल्या एका शिंप्याच्या घरी गेले. त्याची बायको काज-बटण करायची, सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. आदल्या हिवाळ्यात देशभर ज्या दंगली झाल्या होत्या, त्यानंतर आमच्या भागातल्या बायका त्या गल्लीत जात नव्हत्या आणि तिकडच्या इकडं येत नव्हत्या. भांडण कुणाचंच कुणाशी झालं नव्हतं, नुसतं जाणं-येणं थांबलं होतं. मी दारात उभी राहून घाईघाईनं बोलायला लागले तर खाला म्हणाल्या, "बसा बाई. चहा घ्या. मंग सांगा काय पाहिजे ते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात बायका जमायला लागल्या. आधी त्यांच्या गल्लीतल्या, मग माझ्यामागून आमच्या भागातल्याही. साड्या कुणाच्या, टाके कुणाचे, काही कळेनासं झालं. डाळीचे भाव, सुनांची गाऱ्हाणी, मुलींची स्थळं, सगळं त्या अंगणात बोललं जायचं. त्या वर्षीची थंडी वाढायच्या आत आमच्या वाकळा भूकंपग्रस्तांच्या शेडमध्ये पोचल्या.

त्याच सुमारास लातूरच्या एका संस्थेशी आमची ओळख झाली. तिचे सचिव तरुण प्राध्यापक होते. स्कूटरवरून गावोगाव हिंडायचे, बोलायला गोड, कामाला वाघ. त्यांची कल्पना अशी की भूकंपात आईबाप गेलेल्या मुली दहावीनंतर शिकाव्यात म्हणून लातुरात वसतिगृह बांधायचं, आणि त्यासाठी आम्ही वाकळा शिवणं थांबवायचं नाही. त्या विकायच्या. "ताई, लोक पैसे संस्थेला देत नाहीत, ओळखीच्या माणसाला देतात," ते मला म्हणाले. "तुम्ही दारात उभ्या राहिलात की संस्था उभी राहिली."

हे मला फार आवडलं होतं. पुढची काही वर्षं माझे रविवार आणि सुट्ट्या त्यातच गेल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, भोकरच्या बाजारात मी वाकळा घेऊन उभी राहिले. लोक विचारायचे, "बाई, तुम्ही हायात ना यात?" मी हो म्हटलं की मोकळ्या हातानं द्यायचे. काही जण वाकळ न घेताच द्यायचे.

पुण्यातल्या प्रदर्शनाला खाला पहिल्यांदा माझ्याबरोबर आल्या. आमच्या टेबलावर संस्थेनं मोठा कापडी फलक लावला होता: 'भूकंपग्रस्त भगिनींच्या हातच्या गोधड्या'. खालांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि हळूच विचारलं, "बाई, आपल्या इतवाऱ्यात भूकंप कधी झाला?"

मी सचिवांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे खोटं आहे. ते हसले. "ताई, इतवारा लिहिलं तर कोण घेईल? काम कुणासाठी चाललंय ते बघा." फलक तसाच राहिला. एका सुखवस्तू बाईंनी वाकळ उचलून डोळ्याला लावली आणि खालांना विचारलं, "तुमच्या घरातलं कोण गेलं हो?" खाला म्हणाल्या, "अल्लाच्या दयेनं कोणी न्हाई." बाईंनी वाकळ खाली ठेवली. त्यानंतर संस्थेनं खालांना पुण्याला नेलं नाही.

तरी आम्ही शिवत राहिलो. वसतिगृह उभं राहिलं. उद्घाटनाला मंत्री आले, देणगीदार आले. आम्ही बायका मागच्या मांडवात पंगत वाढत होतो. संगमरवरी पाटीवर मोठ्या देणगीदारांची नावं होती आणि सगळ्यात खाली 'व असंख्य ज्ञात-अज्ञात हात'. एका मैत्रिणीनं विचारलं, "आपण ज्ञात का अज्ञात?" आम्ही तेव्हा हसलो. मुली राहायला आल्या होत्या, हे खरं होतं आणि ते पुरेसं वाटत होतं. काही वर्षं त्या खरोखर तिथं राहिल्या, शिकल्या. त्यातली एक नर्स झाली, एक ग्रामसेविका.

मग लातूरचं नाव वेगळ्याच कारणानं गाजायला लागलं. बोर्डात येणारी मुलं, मेडिकलला लागणारी मुलं, फ्लेक्सवर त्यांचे फोटो. मराठवाड्यातलं ज्याचं त्याचं पोर लातूरला. औसा रोडच्या घरांनी वर मजले चढवले, गॅरेजमध्येसुद्धा कॉट टाकल्या. संस्थेचं आमच्याकडं येणं कमी झालं. वाकळा आता नकोत, असा एकदा निरोप आला. मला वाटलं, काम पुरं झालं.

खालांची नात दहावीला शाळेत पहिली आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. खाला माझ्याकडं आल्या, तशा त्या कधी काही मागायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बाई, पोरीला लातूरला ठेवायचं हाय. खोल्यांचे भाव आमच्या आवाक्यातले न्हाईत. आपलं वसतिगृह हाय ना तिथं?"

'आपलं' हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला. मीही सहज म्हटलं, "आहे की. चला, मीच येते."

आम्ही तिघी एसटीच्या लाल गाडीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचलो. वसतिगृहावर आता एका कोचिंग क्लासची पाटी होती. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "ॲडमिशन क्लासमार्फतच होतं." मी सचिवांचं नाव घेतलं, तेव्हा तिनं आत सोडलं.

सचिवांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला. मी विचारलं, भूकंपातल्या मुली कुठं आहेत?

"ताई, त्या मुलींची लग्नं झाली. आता भूकंपातलं कोण राहिलंय? बिल्डिंग रिकामी ठेवायची का? क्लासचं भाडं येतं म्हणून संस्था चालते."

त्यात काही खोटं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "मग गरीब मुलींसाठी काही खोल्या?"

"आहेत की. त्या आम्ही मोफत देतो."

"मग ही मुलगी. शाळेत पहिली आलीय. हिच्या आजीनं ही इमारत उभी करायला किती वर्षं शिवलंय, ते तुम्ही पाहिलंय."

त्यांनी मुलीकडं पाहिलं, तिच्या डोक्यावरच्या ओढणीकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, माझं काही नाही हो. पण बाकीच्या पालकांचं असतं. मेसचं असतं. तुम्ही समजू शकता."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खाला उठल्या. "समजलं सर," त्या म्हणाल्या. "चल ग."

बाहेर आल्यावर मी पुन्हा आत जायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत खोल्या शोधल्या. कुठं भाडं झेपेना, कुठं नाव ऐकल्यावर खोली नुकतीच गेलेली असायची. गाडीत मुलगी खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी म्हटलं, नांदेडात ओळखीच्या लोकांना सांगते, चार जणांनी मिळून खोलीचं भाडं भागवू. खाला म्हणाल्या, "न्हाई बाई. तुम्ही लई दारात उभ्या राहिलात. माझ्या पोरीसाठी नका राहू."

मुलगी नांदेडलाच शिकली. आता ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिला लातूर मिळालं असतं तर ती डॉक्टर झाली असती, असं मी म्हणत नाही. तिला ते आजमावायला मिळालं नाही, एवढंच मला माहीत आहे.

मी मात्र पुन्हा दारोदार गेले, त्याच घरांत. ज्यांनी साड्या दिल्या, पैसे दिले, टाके घातले, त्यांना जाऊन सांगितलं, की वसतिगृहाचं असं झालंय. मला वाटत होतं लोक चिडतील, चार बायका मिळून लातूरला जाऊ, जाब विचारू. कुणी चिडलं नाही. बहुतेक जणी म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, सगळीकडं असंच हाय." एकीनं विचारलं, "म्हणजे माझ्या भाच्याला तिथं जागा मिळंल का? तुमची ओळख हाय ना." आणि एक म्हातारे निवृत्त मास्तर, ज्यांनी पत्नी वारल्यावर तिच्या साऱ्या साड्या मला दिल्या होत्या, ते एवढंच म्हणाले, "संस्था कोण ते मला ठाऊक नाही. मी तुम्हाला दिल्या होत्या." मग त्यांनी दार लावून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

संस्थेच्या वर्धापनदिनाला मला आदर्श स्वयंसेवक म्हणून बोलावणं आलं. मी गेले नाही. फोटो पाहिले, माझ्याऐवजी दुसरी कोणी शाल घेऊन उभी होती.

गेल्या पुराच्या वेळी आमच्या कॉलनीत कॉलेजची मुलं-मुली पूरग्रस्तांसाठी पैसे गोळा करायला आली होती. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर लातूरच्याच दुसऱ्या एका संस्थेचं नाव. माझ्या दारात आलेली मुलगी उन्हानं लाल झाली होती आणि मनापासून बोलत होती. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. विचारलं, "हे पैसे जिथं जायचे तिथं गेले नाहीत, तर मी कुणाला विचारायचं?"

ती गोंधळली. म्हणाली, "मॅडम, आम्हाला फक्त गोळा करायला सांगितलंय."

मी म्हटलं, "मग लोक तुला विचारतील. तुझा चेहरा पाहून देतायत ते." तिला ते कौतुक वाटलं. ती थँक्यू म्हणाली, ग्लास खाली ठेवला आणि शेजारच्या घराची बेल वाजवायला गेली.