शेडच्या दारातली अंघोळ

बार्नेवेल्ड या डच शहराजवळच्या आमच्या गावात माझ्या थोरल्या बहिणीचा, यानेकेचा, नवरा टोनिस कोंबड्या पाळतो. शेडच्या दारातच न्हाणी आहे. अंघोळ करून तिथले कपडे घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. एकदा मी तशीच घुसले, तर खेकसला, "माणसांचे रोग माझ्या कोंबड्यांना नकोत!"

बाहेर येताना मात्र काही नाही. तोच डगला, तेच हात. तसाच स्वयंपाकघरात यायचा, यानेकेनं केलेली कॉफी प्यायचा, सगळ्यांना केक कापून द्यायचा. चार कोंबड्या शिंकल्या की अख्ख्या शेडच्या पिण्याच्या पाण्यात अँटिबायोटिक औषध सोडायचा.

फेब्रुवारीत यानेकेला लघवीचा संसर्ग झाला, तो रक्तात भिनला. एकही औषध लागू पडेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोंबड्यांना कुठली कुठली औषधं देता?" टोनिसनं घडाघडा नावं सांगितली.

"यातलं काहीच हिच्या जंतूंवर चालत नाहीये, त्यांना या औषधांची सवय झालीय," बाई म्हणाल्या. "ते कुठून आले, हे छातीठोक सांगता येणार नाही. पण तुमच्या शेडमध्ये शोधायला हवं."

इस्पितळात यानेकेच्या खोलीत जाताना नर्सनं त्याला डगला आणि हातमोजे चढवायला लावले. "हे मला नवीन नाही," तो म्हणाला. निघताना नर्सनं पुन्हा अडवलं. "सगळं इथंच काढा आणि हात धुवा. इथलं बाहेर न्यायचं नाही."

तो बेसिनपाशी नुसताच उभा राहिला. मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं.

यानेके गेली. आता तो शेडमधून बाहेर येतानाही अंघोळ करतो. मग एकट्यापुरती कॉफी करतो.