बागेवरचा उजेड आणि माझे साडू

दिवाकरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गाडीवाल्याशी भांडत होतो. मोसंबीचा खालचा थर त्याने दाबून आणला होता आणि दोष रस्त्याला देत होता. सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा घेतला तर ती एवढंच म्हणाली, "ताईकडे या. भाऊजी गेले." सक्करदऱ्याला पोहोचलो तेव्हा पुढच्या खोलीत त्यांना निजवलं होतं. सकाळी तलावाकडून फिरून आले, कुसुमताईंना पाणी मागितलं, आणि त्या पाणी घेऊन येईपर्यंत... सगळे रडत होते. मला रडू आलं नाही. मला राग आला. हा माणूस माझ्या एका प्रश्नाचं उत्तर न देता निघून गेला होता, आणि ते उत्तर देऊ शकणारा दुसरा कोणी या जगात नव्हता.

दिवाकरराव माझे साडू. कुसुमताई थोरल्या, सुमन धाकटी. आमचं लग्न झालं तेव्हा ते वायुसेनेत अधिकारी होते आणि मी इतवारीच्या गल्ल्यांमधून हातगाडीवर संत्री विकत होतो. सासरे पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, "हे मोठे जावई, एअरफोर्समध्ये. आणि हे... हे फळांचं पाहतात." ते 'हे' आणि त्यानंतरचा थांबा मी कधी विसरलो नाही. पुढे हातगाडीचं दुकान झालं, दुकानाची आडत झाली, नरखेड तालुक्यातल्या बागांचं फळ मी झाडावर असतानाच घेऊ लागलो. आमच्या वस्तीतून त्या बाजारात गेलेला मी पहिला. तिथे बापजाद्यांची ओळख कामाला येत नव्हती, मुळात ती नव्हतीच. कामाला आला तो फक्त शब्द. मी बोललो की भाव पक्का, हे लोकांना पटायला माझी अर्धी उमर गेली. म्हणून त्या शब्दाला कोणी हात लावला की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं.

दिवाकररावांचं काम काय होतं ते घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं. आकाशात काही विचित्र दिसल्याची खबर कुठल्या गावातून, ठाण्यातून किंवा एखाद्या वैमानिकाकडून आली, तर जाऊन चौकशी करायची, हा त्यांच्या नोकरीतला शेवटच्या काही वर्षांचा भाग होता. नातेवाईक त्यांना मागून 'तबकडीवाले' म्हणत. त्यांच्या कानावर ते जाई, पण ते चिडत नसत. एकदाच मला म्हणाले होते, "शेठ, मी तबकडी शोधून नाही राहिलो. आपल्या आभाळात कोणाचं काय घुसलं, ते शोधून राहिलो. ते शेजाऱ्याचं विमान असू शकते, हवामानवाल्यांचा फुगा असू शकते, लग्नातला कंदील असू शकते. जे असन ते. पण माहीत पाहिजे." मला ते 'शेठ'च म्हणत. त्यात थोडी चेष्टा असे, थोडा मान. कशाचं प्रमाण किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता तो प्रश्न. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. आंबिया बहाराच्या संत्र्यांना रंग चढत होता आणि मी नरखेडकडे भोजराजची बाग पाहायला गेलो होतो. भोजराज माझ्याहून लहान, बोलायला गरीब आणि भावाला पक्का. झाडं फिरून झाली, दिवस मावळायला आला, आणि विहिरीजवळ उभं राहून आमचा सौदा सुरू झाला. मला शिकवणारे जुने व्यापारी भाव तोंडाने बोलत नसत. दोघांचे हात एका रुमालाखाली, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही. बाजूला कोणी नसलं तरी मी तसाच सौदा करत असे. बोटं खोटं बोलायला कचरतात. तर माझी बोटं भोजराजच्या मुठीत होती आणि त्याची मूठ एकदम घट्ट झाली. मला वाटलं, भाव पटला. वर पाहिलं तर तो माझ्याकडे पाहतच नव्हता. पश्चिमेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाची झाडं आहेत, त्यांच्या शेंड्यांच्या वर एक पांढरा उजेड स्थिर उभा होता. आवाज नाही. काही वेळ तो तिथेच राहिला, मग आडवा सरकला, वारा जिकडून येत होता तिकडे, म्हणजे वाऱ्याच्या उलट, आणि मग सरळ वर चढत बारीक होत गेला. विझला नाही. वर गेला. आम्ही दोघं रुमालाखाली हात तसेच धरून उभे होतो. भोजराज म्हणाला, "शेठ, हे काय होतं गा?" मी म्हणालो, "मले काय माहीत?" सौदा तिथेच अर्धवट राहिला.

आजूबाजूच्या दोन गावांतल्या लोकांनीही काहीतरी पाहिलं होतं, त्यामुळे बातमी ठाण्यात गेली, छापून आली, आणि त्यात माझं नावही आलं. इथून माझं नुकसान सुरू झालं. बागेवर काहीतरी उतरलं अशी चर्चा पसरली आणि दुसरे व्यापारी भोजराजकडे फिरकेनात. शेवटी बाग मीच घेतली, पडत्या भावात. बाग चांगली होती, भाव पडला होता, घेतली. कोणीही घेतली असती. पण बाजारात एकाने सगळ्यांसमोर म्हटलं, "भाव पाडायले यानं तबकडी उतरवली राजा. पुढल्या साली भूत आणन." लोक इतके हसले की मला त्याची कॉलर धरावी लागली. दोघा-तिघांनी सोडवलं. पण वाक्य बाजारात राहिलं. त्यानंतर मी कुठल्याही बागेत पाय ठेवला की शेतकरी आधी आभाळाकडे पाहून हसायचा.

त्याआधी, बाग अजून कोणी घेतलेली नव्हती तेव्हा, चौकशीला दिवाकररावच आले. साक्षीदार आपला साडू आहे हे त्यांनी आधीच वर कळवलं होतं, म्हणून सोबत दुसरा एक अधिकारी होता. तो लिहून घ्यायचा, हे विचारायचे. घरी जेवायला येणारा माणूस समोर बसून मला माझं नाव, गाव, धंदा विचारत होता. त्यांची पद्धत अशी की आपल्या तोंडून ते एक शब्द सुचवत नसत. 'गोल होतं का', 'वेगात होतं का' असं काही नाही. फक्त, पाहिलं ते सांगा, वाटलं ते नंतर सांगा. मी बोलता बोलता 'तबकडी' म्हणालो तर हात वर करून म्हणाले, "ते तुम्ही पेपरात वाचलं. तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलं?" किती वेळ दिसला, यावर माझं आणि भोजराजचं जुळेना. तो म्हणे पुष्कळ वेळ, मी म्हणे थोडा वेळ. तेव्हा त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. ते आम्हाला संध्याकाळी त्याच विहिरीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "रुमाल काढा. उजेड दिसला तेव्हा सौदा कुठवर आला होता, तिथून सुरू करा, आणि तो वर गेला त्या जागी थांबा." स्वतः घड्याळ धरून उभे राहिले.

आम्ही हात रुमालाखाली घातले. पण भोजराज तो. माझी बोटं धरली आणि मागच्यापेक्षा चढा भाव दाबला. मी हात ओढून घेतला. "हा त्या दिवशीचा भाव नाही."

"आता नाही आहे," भोजराज म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही हो म्हटलं असतं तर तो होता."

"तुही बाग पाहायले कुत्रं नाही येऊन राहिलं आणि तू भाव वाढवून राहिला?"

दिवाकरराव घड्याळावरून नजर न काढता म्हणाले, "शेठ, त्या दिवशी इतकं भांडले होते का?"

"त्या दिवशी याची नियत साफ होती."

"मग ती साफ धरून परत करा." त्या अधिकाऱ्याला हसू आवरेना, हे मात्र अजिबात हसले नाहीत. तिसऱ्या खेपेला आमचे हात आपोआप त्या दिवशीसारखे चालले, भोजराजची मूठ घट्ट झाली, सुटली, आणि त्यांनी घड्याळ बंद केलं. पुढे म्हणाले, "आता हे पक्कं."

इथवर मला त्यांचा अभिमानच वाटत होता. मग त्यांनी भोजराजला लांब पाठवलं आणि मला विचारलं, "या उजेडामुळे कोणाचा फायदा होऊ शकतो?" मी म्हणालो, मला काय माहीत. ते म्हणाले, "बागेकडे दुसरे व्यापारी येत नाहीत. भाव पडला तर ती कोण घेईल? तुम्ही घ्याल?" त्या परक्या माणसासमोर. माझ्या बायकोच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने. मी म्हणालो, "दिवाकरराव, तुम्ही मले विचारून राहिले?" ते म्हणाले, "मी साक्षीदाराला विचारतो आहे." मी उत्तर दिलं, हो घेईन, स्वस्त मिळाली तर का नाही घेणार. त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

चौकशीचं काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. नोकरीत होते तोवर मी समजू शकत होतो. पण निवृत्त झाल्यावर, त्यांच्या नातवाच्या नामकरणाला, त्यांच्याच घरी, मी त्यांना बाजूला घेतलं. "आता तरी सांगा. काय होतं ते?"

"काम चालू आहे."

"रिटायर झाले तुम्ही. कोणतं काम चालू आहे?"

"शेठ, तुम्ही माल पाहिल्याशिवाय भाव सांगता का?"

"माझी चेष्टा करू नका. बाजार मले खोटारडा म्हणून राहिला."

"मी म्हटलं का?"

"तुम्ही खरंही नाही म्हटलं."

यावर ते गप्प बसले. मला त्या गप्प बसण्याचा अर्थ एकच लागला. त्यानंतर आम्ही भेटलो ते लग्नाकार्यांत, जय भीम घालण्यापुरते. सुमन म्हणायची, "एवढ्या तेवढ्यावरून काहून ताणून धरता?" एवढंतेवढं तिच्यासाठी असेल. माझ्या सगळ्या कमाईच्या खाली जो एक पाया आहे, त्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं आणि ते उचललं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांना आदरांजली वाहण्याच्या, कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, मग लोक बोलायला उभे राहिले. एका पाहुण्याने सांगितलं, साहेबांनी आयुष्यभर तबकड्या शोधल्या, एक काही सापडली नाही. लोक हसले, कुसुमताईंनी मान खाली घातली. मी उठलो आणि जागेवरूनच म्हणालो की ते तबकड्या शोधत नव्हते, आणि ज्याला माहीत नाही त्याने बसावं. सुमनने माझा सदरा धरून मला खाली ओढलं. मला स्वतःलाच कळेना, मी कोणाची बाजू घेतो आहे.

जेवणाच्या वेळी भोजराज दिसला. केस पांढरे झाले होते. त्याच्याशी व्यवहार थांबून जमाना झाला होता, म्हणून मी विचारलं, "तुले कोणी सांगितलं गा?"

"ताईनं फोन केला. साहेब येत होते ना दर साली."

"कुठे?"

"माह्या बागेत." तो माझ्याकडे पाहतच राहिला. "मले वाटलं तुम्हाले माहीत असन."

मला माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर दर वर्षी, दिवाळी झाली की, दिवाकरराव एसटीने नरखेडला जात, दुपारी बागेत पोहोचत आणि अंधार पडेपर्यंत विहिरीपाशी पश्चिमेकडे तोंड करून बसत. ओळीने काही दिवस. मग भोजराज त्यांना मोटारसायकलवर स्टँडला सोडायचा. कुसुमताईंना ते मित्राच्या बागेत जातो एवढंच सांगत. मी विचारलं, करायचे काय? "काही नाही. पाहत बसत. अंधार पडला की म्हणत, आज नाही भोजराज." मग म्हणाला, "एकदा लाईट दिसला, मी धावत आलो. म्हटलं, साहेब, हाच तो. त्यायनं पाहिलं, घड्याळ लावलं. म्हणाले, हे विमान आहे. तुम्ही अन् शेठनं जे सांगितलं, त्यात हे बसत नाही. एका साली दुसरं काही दिसलं, तेही नाही बसलं. मी म्हटलं, साहेब, आमचंच चुकलं असन. तर रागावले. म्हणे, तुमचं मी तपासलं आहे, ते पक्कं आहे. आता बाकीचं तपासून राहिलो."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

माझा राग गेला, असं कोणी समजू नये. ही गोष्ट ते मला सांगू शकत होते. त्या नामकरणाच्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं, आणि मी बाजारात मान वर करून फिरलो असतो. पण त्यांना ओळखणारा माणूस म्हणून एवढं लिहितो की त्यांच्या लेखी ते वाक्य अर्धं होतं. मी खोटं बोललो नाही, हे त्यांना पहिल्याच फेरीत कळलं होतं. जे मी खरं पाहिलं ते काय होतं, हे कळल्याशिवाय त्यांना तोंड उघडायचं नव्हतं. सोपं उत्तर होतं. फुगा म्हणाले असते तर कोणी विचारलं नसतं, मीसुद्धा शिव्या देऊन विसरलो असतो. उतारवयात, गुडघे धरलेले असताना, एसटीचे धक्के खात एका फळवाल्याच्या शब्दासाठी कोण जातं? बाजारात मला टोमणा मारणाऱ्यांपैकी जे अजून आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. वाचून हसायचं असेल तर समोर येऊन हसावं.

परवा भोजराजचा फोन आला. या वर्षी फळ बरं आहे, म्हणाला. मग इकडचं तिकडचं बोलत राहिला, आणि शेवटी विचारलं, "शेठ, साहेबांसाठी दिवाळी झाली की विहिरीपाशी एक खुर्ची टाकून ठेवत होतो. आता काय करू? ठेवू का नको?"

मी म्हणालो, "ठेव. मी येतो."

"बाग पाहायले?"

"बाग दिवसा पाहीन," मी म्हणालो. "खुर्चीचं तोंड पश्चिमेकडे ठेव."