पॅनेलकाकांची बिनआवाजाची खोली

आमच्या शेजारच्या काकांना सगळी इमारत पॅनेलकाका म्हणते. या माणसाने उभ्या जन्मात एकच काम केलं: कडक फोमची जाडजूड पॅनेलं कापायची आणि लोकांच्या घरांना ठोकायची. पत्र्याच्या छपराखाली, फरशीच्या पोटात, उन्हाच्या बाजूच्या भिंतीला, गच्चीवरच्या टाकीभोवती. जिथून ऊन किंवा गारठा आत शिरतो तिथे काका हजर. संध्याकाळी घरी यायचे ते केसांत पिवळा चुरा घेऊन, आणि काकू दारातच त्यांना झाडायच्या, सतरंजी झाडतात तशा.

पॅनेलवर त्यांची नको तितकी श्रद्धा. दुधाच्या पातेल्याला पॅनेलची पेटी, मांजरीला पॅनेलचं घर. माझी कंबर धरली तेव्हा गृहस्थ विचारपूस करायला आले ते तुकडा काखोटीला मारूनच. "खुर्चीला मागे लाव, बघ कसा गुण येतो!" गुण काही आला नाही, पण खुर्ची मात्र ऐटबाज दिसायला लागली.

तर अशा काकांच्या काकूंचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. आधी वस्तू हरवायच्या, मग माणसं हरवायला लागली. पोटच्या लेकीला एकदा त्यांनी "बाई, तुम्ही भाडेकरू का?" असं विचारलं. तिथवर ठीक होतं. पण मग दुपार कलली की त्या ओरडायला लागल्या. "दार उघडा! अहो, कुणीतरी दार उघडा!" दार उघडंच असायचं. मधूनमधून शिव्या. ज्या बाईने आयुष्यात कुणाला साधं गाढव म्हटलं नाही, तिच्याकडे एवढा साठा कुठून आला कोण जाणे. त्यातल्या दोन मी आमच्या ह्यांच्यावर वापरूनही पाहिल्या. चांगल्या बसल्या.

पण सगळेच माझ्यासारखे रिकामटेकडे नसतात. खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून दुपारी झोपते, वरच्या मजल्यावर परीक्षेची पोरं. चेअरमननी येऊन सांगितलं, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण आवाज थांबला नाही तर घरमालकाला कळवावं लागेल." लेक म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा आईला अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू. तुम्हालाही आता झेपत नाही."

काका लगेच म्हणाले, "आवाजच थांबवायचा ना? मग थांबवतो. ती कुठेही जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी जिन्यातून पॅनेलं वर चढायला लागली. चार बोटं जाड. काकांनी काकूंच्या खोलीच्या चारही भिंती मढवल्या. हात अजूनही तयार होता. सांध्यात केस घालायला जागा ठेवली नाही. मग माझ्या दारात येऊन उभे राहिले, केसांत तोच चुरा. झाडणारं कुणी नव्हतं.

"आज दुपारी काही ऐकू आलं?"

"काका, खरं सांगू की शेजारधर्म पाळू?"

"आगाऊपणा पुरे. खरं सांग."

"काकू आधी तुम्हाला 'मेल्या' म्हणाल्या. मग चेअरमनांच्या सात पिढ्या काढल्या. चेअरमनांचं जास्त स्पष्ट आलं."

काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मीही हसले. मग म्हणाले, "वरून येत असणार. छत राहिलंय."

छतासाठी माल आणायला गेले, तेव्हा मी दुकानात रंगाचा डबा घ्यायला उभी होते. म्हणजे डबा पुढच्या आठवड्यात घेतला असता तरी चाललं असतं, पण पुढे काय होतंय ते कळायला नको? दुकानदार काकांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "अरे, हे उन्हासाठी आहे. आवाजाला वजन लागतं, वजन. वीट घाल, वाळू भर. हे तर पिसासारखं हलकं."

"मला शिकवतोस? शीतगृहाला हीच पॅनेलं ठोकली मी, आत शिरून दार लावलं की टाचणी पडलेली ऐकू यायची!"

"शीतगृहात बटाटे असतात रे. बटाटे कधी ओरडतात का?"

आजूबाजूचे हसले. काका हसले नाहीत. "भाड्याच्या घरात विटा रचून देईल कोण?" एवढंच म्हणाले आणि छताचा माल घेतलाच. शिवाय भिंतींसाठी दुसऱ्या थराचा. आणि खिडकीच्या मापाचा एक तुकडा.

दुसऱ्या थराने खोली इतकी आखडली की कपाट बाहेर काढावं लागलं. काकूंची खाट दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकली. खोली मात्र खरंच गार झाली, हे कबूल करायला हवं. बाहेर ऊन पेटलेलं आणि आत काकू शाल पांघरून. खिडकी बुजली, दारालाही आतून पॅनेल बसलं, आणि दुपार कलली की काका दार बाहेरून ओढून घ्यायला लागले.

आधी काकू दार उघडं असताना ओरडायच्या. आता ते खरोखरच बंद होतं. तेव्हा जो आवाज सुरू झाला, त्यावर मला एकही विनोद सुचला नाही. त्यात शिव्या नव्हत्या. नुसतंच "अहो, अहो", आणि फोमवर नखं ओढल्याची खरखर.

मी गेले. "काका, निदान खिडकी तरी उघडा."

"खिडकी उघडली तर केलेलं सगळं फुकट. आवाज तिथूनच जाणार."

"अहो, असाही जातोच आहे!"

"अजून एक थर बसेल," ते म्हणाले. डोळे तांबारलेले, हातात करवत. "खाट जरा आखूड करून घेतो."

पण त्याआधी लेक आली. तिने दार ढकललं, दिवा लावला आणि आईजवळ बसली. काकूंच्या नखांत पिवळा चुरा गच्च बसला होता. लेकीने डोक्यातली पिन काढली आणि एकेक नख साफ करत राहिली. सगळी झाल्यावर म्हणाली, "बाबा, शीतगृहात माणूस ठेवतात का हो?"

"थंडी नाही गं आत," काका म्हणाले. "तापमान एकसारखं राहतं."

तिने वाद घातला नाही. बॅग भरली. काकांनी बॅगेत शाल ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. काकूंना जिन्यातून उतरवताना इमारतीतली दारं किलकिली झाली होती. नर्सचं, चेअरमनांचं, आणि माझं तर सताड उघडं. काकू अगदी शांतपणे, कठड्याला धरून उतरल्या. काका एक पायरी पुढे, उलटे, हात पसरून.

आठवडाभराने ते संस्थेत जाऊन आले. मी चहा घेऊन गेले, तर गृहस्थ बाहेरच्या कपड्यांनिशीच त्या गार खोलीत खाटेवर बसलेले. खिडकीचं पॅनेल तसंच.

"कशा आहेत काकू?"

"ओरडत नाही आता."

"हो का? भिंती कसल्या आहेत तिथे?" तोंडाची खोड, जाते थोडीच.

"साध्या. नुसता रंग दिलाय." त्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. "दुपारी गोळी देतात तिला. मग बसते खुर्चीत. मी हाका मारल्या. दोनदा, तीनदा. मोठ्याने मारल्या, तर तिथली बाई म्हणाली, काका, हळू बोला, बाकीच्यांना त्रास होतो."