शाल दिली, शाळा नेली

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गुळाच्या काहिलीत गेली. चेष्टा नाही, खरंच सांगतो. जालना जिल्ह्यात धरणाच्या फुगवट्यात एक वस्ती उंचवट्यावर तेवढी राहिली आणि तिच्या चारी बाजूंनी पाणी आलं. घरं बुडाली नाहीत म्हणून पुनर्वसन नाही, आणि रस्ता बुडाला म्हणून जाणं-येणं नाही. पूल मंजूर आहे, असं मी रुजू झालो तेव्हा ऐकलं. आता निवृत्तीला आलो. पूल अजून मंजूरच आहे.

वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक मी एकटा. दोन्ही काठांच्या बाभळींना दोर बांधलेला आणि पाण्यात गुऱ्हाळातली जुनी काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी पसरट कढई. तिच्यात मधोमध मांडी घालून बसायचं आणि दोर हातांनी ओढत पलीकडं सरकायचं. जरा कललं की काहील पाणी घेते. वारा सुटला की गरगर फिरते. मला पोहता येत होतं आणि तिकडं पोरं वाट बघत असत, म्हणून मी जात होतो. यात शौर्य कसलं?

पण आपल्याकडं शौर्याची हौस भारी. कुणीतरी माझा काहिलीतला व्हिडिओ फिरवला. लगेच तालुक्याला सत्कार. शाल, नारळ, भाषणं. गुरुजींनी कधी खाडा केला नाही म्हणून टाळ्या. मी माइकवर पुलाचा विषय काढला, तर सूत्रसंचालकानं घाईघाईनं आभार मानायला घेतले.

वर्ष उलटत नाही तोच शिक्षण खात्याचे साहेब काठावर आले. गाडीजवळच उभं राहून मोबाईलवर नकाशा उघडला, वस्तीपासून अलीकडच्या मोठ्या शाळेपर्यंत बोटानं सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "अंतर नियमात बसतं. पटही कमी आहे. तुमची शाळा इकडं जोडून टाकू."

"साहेब, ही रेघ पाण्यातून जाते."

"तुम्ही रोज येता-जाता ना? मग मुलांना काय अडचण? तुम्हीच तर दाखवून दिलंत."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मंग बसा काहिलीत. मी दोर ओढतो. पोरांच्या आयांना हेच तिकडं येऊन सांगा."

साहेबांनी पाण्याकडं पाहिलं, स्वतःच्या बुटांकडं पाहिलं, आणि त्यांना मीटिंग आठवली. शाळा बंद झाली. ज्यानं बंद केली त्यानं ती आतून कधी पाहिलीसुद्धा नाही.

तिसरीत एक मुलगी होती. घरात उर्दू, शाळेत मराठी, आणि दोन्हींत माझ्याशी हुज्जत घालणारी. फळ्यावर माझं गणित चुकलं, तर उठून पुढं येऊन दाखवायची. मला फार आवडायची ती. शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. दारात आई भेटली. मुलगी शेळ्यांमागं गेली होती.

"तिला पाठवा," मी म्हणालो. "मी स्वतः दोर ओढतो, जाताना बी आन् येताना बी."

"आन् वारा सुटला तर? कितीजणांला धरताल गुरुजी तुम्ही?"

मी मनात पोरं मोजायला लागलो.

"तुमचा व्हिडिओ आम्ही बी बघितला," ती म्हणाली. "तुम्ही बराबर रोज येत राह्यले, म्हणून साहेबलोकांला वाटलं, पाणी कायच न्हाई. तुम्ही एखाद्या बार बुडून मेले असते, तर पूल झाला असता. शाळा बी राह्यली असती."

ती चिडून बोलली नाही. आज शेळीनं दूध कमी दिलं, असं सांगावं तसं बोलली. चिडलो मी. त्या साहेबावर, त्या टाळ्यांवर, हौसेनं खांद्यावर घेतलेल्या त्या शालीवर. तो राग अजून गेलेला नाही. मुलगी अजून शेळ्यांमागंच आहे.