मोजणीबाईंची टीम

डब्याची भाजी गॅसवर होती, लेकीचा एक मोजा सापडत नव्हता आणि तो कुठे असेल हे सासूबाई रेडिओच्या वर आवाज काढून सांगत होत्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना बोटाच्या पेराने दोनदा हलकेच वाजवणारी बाई आमच्या इमारतीत एकच. आत कुणी झोपलेलं असलं तर, म्हणून.

"मोजणीबाई आल्या बघ," सासूबाई म्हणाल्या.

हे नाव इमारतीतल्या पोरांनी पाडलं आणि बाईंनी ते हसून घेतलं. वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहतात, एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करतात. संस्थेच्या गच्चीवर हवा ओढणारं एक यंत्र आहे. त्यातली चिकट पट्टी रोज काढायची, काचेवर चढवायची आणि तिच्यावर चिकटलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे. कुठल्या झाडाचे किती, ते वहीत लिहायचं. एकवीस वर्षं हेच. दम्याचे डॉक्टर तो आकडा रोज बघतात. तो मोजला कुणी, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. दोन महिन्यांनी बाई निवृत्त होणार.

आज त्यांचे डोळे सुजलेले होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, चहा पुढे केला.

"अकरा वाजता माझा कागद उतरवतील," त्या म्हणाल्या.

"कसला कागद?"

मग तुकड्या-तुकड्यांनी कळलं. संस्थेत तीन दिवसांचं हॅकेथॉन भरलंय, म्हणजे टीम करून एकेक प्रश्न सोडवायचा मेळावा. ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ, संगणकवाले, विद्यार्थी जमलेत. पहिल्या दिवशी ज्याला जो प्रश्न सोडवावासा वाटतो, तो त्याने दोन मिनिटांत सगळ्यांपुढे मांडायचा आणि त्याचा कागद भिंतीवर लावायचा. ज्याला विषय पटेल त्याने खाली आपलं नाव लिहायचं. तीन नावं झाली की टीम. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत झाली नाहीत तर कागद खाली, आणि तुम्ही दुसऱ्याच्या टीममध्ये.

"म्हणजे खेळताना गडी निवडतात तसंच," सासूबाई म्हणाल्या. "जो उरतो त्याचं हसं होतं. मी नेहमी उरायचे."

"आई, अहो..."

"बरोबर बोलतायत त्या," मोजणीबाई म्हणाल्या.

त्यांचा विषय म्हणजे त्यांच्या वह्या. पानापानावर झाडांच्या नावांऐवजी खुणा आहेत: गोल, टिंबाचा गोल, शेपटीचा त्रिकोण. पानांचे फोटो काढून संगणकाला त्या खुणा वाचायला शिकवल्या, तर कुठलं झाड आता किती दिवस आधी फुलतं ते एकवीस वर्षांतून दिसेल. खुणांचा अर्थ फक्त बाईंना ठाऊक. त्या गेल्या की उरेल तो गठ्ठा.

"बोलताना अडखळलात का?" मी विचारलं.

"नाही हो. पाठ केलं होतं. टाळ्यासुद्धा पडल्या. मग दोन मुली कागदाजवळ आल्या, वाचला, एकमेकींकडे बघितलं आणि शेजारच्या कागदाकडे गेल्या. मी आपली हसत उभी. संध्याकाळपर्यंत गाल दुखायला लागले."

"नावं किती झाली?"

"एक. माझंच." त्यांनी कप फिरवला. "आमच्या सरांच्या कागदावर नऊ आहेत. ते म्हणाले, बाई, तुम्ही आमच्यात या, वह्या घेऊन या. पण त्यांना उद्या हवेत किती पराग असतील त्याचा अंदाज करायचाय. शेवटच्या दोन वर्षांच्या वह्या घेतील. बाकीच्या उघडणारसुद्धा नाहीत."

भाजी लागल्याचा वास आला. मी गॅस बंद केला आणि कागदावर नेमकं काय लिहिलंय ते विचारलं. त्यांच्या फोनवर फोटो होता. मथळा रेखीव, अक्षर मोत्यासारखं. 'मला काय येतं' या रकान्यात एकच शब्द: मोजणी. त्याखाली 'टीममध्ये कोण हवं'. तिथे लिहिलं होतं, 'जादा माणूस लागणार नाही. एकटीच सांभाळेन.'

मी ते दोनदा वाचलं.

"हे असं का लिहिलंत?"

"का? आमच्याकडे नवीन काम काढायचं तर अर्जात असंच लिहितात. माणूस मागितला की अर्ज परत येतो."

"अहो, पण हा कागद माणसं जमवायचा आहे. जादा माणूस नको म्हटल्यावर कोण नाव लिहील? त्या मुलींना वाटलं असेल, इथे जागाच नाही."

चूक सापडली म्हणून त्यांना हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट चेहरा आणखीच उतरला.

"म्हणजे विषय वाईट नव्हता," त्या म्हणाल्या.

"मुळीच नव्हता."

"मग आता मागावं लागणार."

त्यांची अडचण तिथेच होती, कुणाकडे काही मागण्यात. मागच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ही बाई एका डोळ्यावर पट्टी बांधून एकटीच जिना चढून आली. आम्हाला कळलं ते आठवड्याने, आणि तेही औषधाच्या दुकानदाराकडून.

"दुसरा कागद लिहा की," सासूबाई म्हणाल्या. "नऊच वाजतायत."

लेकीच्या वहीतलं पान फाडून मी पुढे ठेवलं. 'कोण हवं' इथे त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं: 'संगणकाला खुणा शिकवू शकेल असं एक माणूस. झाडांच्या बहराची माहिती असलेलं एक.'

"हे नुसतं लावून भागणार नाही," त्या म्हणाल्या. "आता सगळे आपापल्या टेबलांवर बसले असतील. त्या दोन मुलींनी काल मी निघेपर्यंत कुठेच नाव घातलं नव्हतं. त्यांच्यापाशी जाऊन बोलावं लागेल. नाही म्हणाल्या तर?"

नाही म्हणणार नाहीत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला काय माहीत. बाईंनी पानाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तुम्ही माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. "बोलेन मीच. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा."